बिल्ल्यातला अंगारा

गहिनीनाथचं प्रमाणपत्र एका सहीसाठी अडलं होतं, आणि सही करणारे पेंढारकर साहेब जीप घेऊन थेट त्याच्या गावी, देवळाली प्रवऱ्यात येऊन धडकले होते.

इंटर सायन्सनंतर गहिनीनाथने अणुवीज तंत्रज्ञानाचा नऊ महिन्यांचा कोर्स केला होता. प्रमाणपत्र मिळालं की नोकरी पक्की. त्या अणुवीज केंद्रात प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असे आणि त्यात काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म. अंगावर किरणं किती पडली, ते फिल्म धुतल्यावर कळे. बिल्ला आवाराबाहेर न्यायला सक्त मनाई होती. रंगपंचमीच्या सुट्टीत हा पठ्ठ्या बिल्ल्यासकट घरी आला, परत गेल्यावर तो गुपचूप जमा केला आणि कोर्स संपवून निकालाची वाट बघत बसला.

फिल्म काळीठिक्कर निघाली. वर बिल्ल्यात चिमूटभर राख. किरणांनी फिल्मच जळाली, असा तिथल्या विद्वानांनी अर्थ काढला आणि तार ठोकली, ‘जागचे हलू नका.’

साहेबांनी किरणं मोजायचं यंत्र गहिनीनाथच्या अंगावरून फिरवलं. मग म्हशीवरून, मग बाजरीच्या कणगीवरून. यंत्र काही बोलेना.

“मळमळतं का? केस गळतात?”

“न्हाई साहेब.”

“फिल्मप्रमाणे तुम्ही आज जिवंत नसायला हवं.”

दारात गल्ली जमली होती. शेजारच्या लंकाबाईने डोळ्याला पदर लावला. “लई गुनाचं पोरगं हुतं,” ती म्हणाली.

गहिनीनाथ पेचात पडला. खरं बोलावं तर प्रमाणपत्र जातं, न बोलावं तर आपण भूतकाळात जमा. शेवटी तो पुटपुटला, “साहेब, चुकलो. बिल्ला घरी आनला हुता.”

“तवाच तर मी भरला,” आई छबूबाई चुलीपुढून म्हणाली.

“काय भरलं?” साहेब वळले.

“अंगारा. मढीच्या कानिफनाथाचा. सरकारनं पोराला ताईत दिला, पर आत निस्ता कागूद. रिकामा ताईत कुनाला राखतो व्हय? अंगारा असला की पीडा ताईतावर जाती, आन त्यो काळा पडतो. उन्हात बसून कागूद उलगडला, अंगारा घातला, पुन्हा हुता तसा बसवला.”

साहेब मटकन बाजेवर बसले. म्हणजे फिल्म काळी केली ती नगर जिल्ह्याच्या उन्हाने. मग ते इतकं हसले, की सही वाकडी आली, पण आली.

छबूबाईने साहेबांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनी कोट खुंटीला अडकवला, परसात हातपाय धुतले आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांवर ताव मारला. किरणं तपासायला आलेले, म्हणून कोटावर त्यांचाही बिल्ला होता.

पंधरा दिवसांनी साहेबांचं पत्र आलं. गहिनीनाथने आईला ते वाचून दाखवलं.

‘मला दवाखान्यात ठेवलं आहे. सकाळ-संध्याकाळ रक्त काढतात. मी उन्हाचं आणि अंगाऱ्याचं सांगितलं, तर किरणं डोक्यात गेली म्हणतात. आईंनी माझ्या कोटाला हात लावला होता का, ते ताबडतोब कळवा.’

गहिनीनाथने कपाळाला हात लावला. “आये, लावला हुतास?”

छबूबाई निवांत तांदूळ निवडत होती. “लावला की. त्यो बी तिथंच राबतो, आन त्याचा बी रिकामाच. काळा पडला का?”

“पडला.”

“मंग लिव त्याला,” छबूबाई म्हणाली, “लागू पडला म्हनावं.”