तांडेलचे दोन टक्के

शालिनी, माझी पत्नी, वारली. तेराव्याला कमळाकर तांडेल घरी आला.

तांडेल हा करावे गावातला दलाल. आल्या आल्या त्याने शालिनीच्या फोटोला हार घातला. मग उजव्या हाताने माझ्या मेव्हणीचं मनगट धरलं, डाव्या हाताने शेजारच्या कुलकर्ण्यांचं, आणि दोन्ही हात एकमेकांत देऊन म्हणाला, "वळख करून देतो. या ताईंच्या बहीन. हे कुलकर्नी." ती दोघं एकमेकांना कित्येक वर्षं ओळखत होती. तरी कुलकर्णी "नमस्कार" म्हणाले. तांडेलने मनगट धरलं की तो सोडेपर्यंत दुसरं काही करता येत नाही.

मग त्याने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"सर, वाईट वाटून घेऊ नका. ताईंवर माझी केस होती. आता तुमी वारस. केसमधी तुमचं नाव घालावं लागतं, कायदाच हाय तसा. लाडू घरी केलेत का?"

लोकांना बायकोकडून दागिने मिळतात, क्वचित शेत मिळतं. मला प्रतिवादीपण मिळालं.

तांडेल घरं विकत नाही. घरं विकणारे दलाल त्याच्या लेखी भिंतींचे हमाल. तो चालते धंदे विकतो: सलून, झेरॉक्सचं दुकान, पिठाची गिरणी. एकच गिरणी त्याने तीनदा विकली, आणि तिन्ही वेळा मालकापेक्षा त्याचेच डोळे जास्त भरून आले. बाकीचे दलाल गिऱ्हाइकाकडून कागदावर सही घेतात. तांडेलला ते हलकं वाटतं. "सही खोटी असते सर. मनगट खोटं नसतं." विकणारा आणि घेणारा समोरासमोर आले की तो दोघांची मनगटं धरून हातात हात देतो. तेव्हापासून दोन टक्के त्याचे, सौदा कधी का होईना. एकदा मला म्हणाला, "तुमचा बेडरूम आमच्या गेलेल्या भातशेतात हाय. पन त्याचं मी काय मागत नाय. तिथं वळख मी नवती करून दिली."

शालिनीचं नेरुळला पोळीभाजी केंद्र होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा तिने ते विकायचं ठरवलं. तांडेलने वैशालीला आणलं. वैशाली समोरच्याच इमारतीत राहायची आणि रोज संध्याकाळी आमच्याकडूनच पोळ्या न्यायची. तरीही मनगटं रीतसर धरली गेली. भांडवल नाही म्हणून वैशाली नको म्हणाली आणि गोष्ट तिथेच राहिली. पुढच्या वर्षी ती आपण होऊन आली, आणि कणीक मळता मळता दोघींनी सगळं ठरवून टाकलं. तांडेलला हे कळलं ते दुकानात चपात्या घ्यायला गेल्यावर. गल्ल्यावर वैशाली बसली होती. तो तडक आमच्या घरी आला.

"दोघींनी मिळून मला मधून काढला!"

"तुम्ही होतात कुठे मधे?" शालिनी म्हणाली. "माझं रोजचं गिऱ्हाईक ती. एक पैसा देणार नाही."

कोर्टात पहिल्या तारखेला तेवढा मीही गेलो होतो. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई तिला आधीपासून ओळखत होत्या, मग तुम्ही केलंत काय?"

"साहेब, गिऱ्हाईक ती ताईंचीच. पन धंदा घेनारी तिला मी केली."

"पुरावा?"

तांडेलने दोन्ही बाजूंच्या वकिलांची मनगटं धरली आणि भर कोर्टात त्यांची ओळख करून दिली. ते दोघे वकील एकाच वर्गात शिकलेले होते.

"मनगट माझं आणि कमिशन ह्यांचं!" शालिनी मागून ओरडली. न्यायाधीश बराच वेळ खाली मान घालून काहीतरी वाचत राहिले. आम्हाला पुढची तारीख मिळाली. त्या कोर्टाकडे तारखांची कधीच टंचाई नसते.

शालिनी गेल्यावर तारखांना मी जाऊ लागलो. म्हणजे तांडेल नेऊ लागला. "पार्टी हजर पायजे," म्हणत तो इमारतीखाली स्कूटरचा हॉर्न वाजवत राहतो. ज्याच्यावर दावा लावला त्याला स्वतः उचलून नेणारा वादी आमच्या वकिलांनीही पाहिला नव्हता. वैशाली मला डबा देते. कोर्टाच्या व्हरांड्यात मी तो उघडला की तांडेल वरच्या पोळीचा एक कोपरा तोडतो. "दोन टक्के." तुकडा चांगला पाव पोळीचा असतो.

गेल्या तारखेला मी म्हणालो, "तांडेल, माझ्याच्यानं हे आता होत नाही. तुमचं काय ते देऊन टाकतो. मिटवू."

मला वाटलं, तो माझं मनगट धरेल. त्याने पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"ताई काय बोललेली?"

"एक पैसा देणार नाही."

"मग?"

"ती आता नाही, तांडेल."

"म्हनूनच. ती भांडायला नाय, आनि मी तिच्या मागारी पैसे घेऊ? तुमी दिले म्हंजे ताई खोटी पडली."

"मग दावा मागे घ्या."

"आनि मी खोटा पडू? वळख मीच करून दिली सर."

समोरून एक वकील धावत गेला, त्याच्यामागून त्याचा अशील. तांडेल त्यांच्याकडे बघत राहिला.

"वळख झाली ना सर, की मधल्याला कोनी वळखत नाय. गिरनीवाले तीन. तिघंबी मला बघून रस्ता बदलतात. एक ताई सोडत नवती. दर तारखेला टाइमावर यायची, शिव्या घालायला. घरनं लाडू आनायची. केस अलग, लाडू अलग, बोलायची."

लाडवांचं मला ठाऊक नव्हतं. डबा मी त्याच्यापुढे सरकवला. त्याने तुकडा उचलला आणि पुष्कळ वेळ चावत बसला. मग आत पुकारा झाला, आणि आम्ही दोघं आत जाऊन एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलो.

पुढची तारीख पडली आहे. शालिनीचं दुकान वैशालीकडे आहे. शालिनीची केस माझ्याकडे आहे.