घोंगडीतला सूर्य

मे महिन्यात नागपूरचा माणूस कूलरसमोरून हलत नाही. आमचे शेजारी रामटेकेकाका मात्र सकाळी आठच्या ठोक्याला अंगावर काळी घोंगडी घेऊन गच्चीवर बसायचे. प्रताप नगरात नवीन राहायला आलेला माणूस आधी घाबरायचा, मग आम्हाला विचारायचा. आम्ही सांगायचो, "काही नाही, सूर्य मोजून राहिले."

आणि खरंच मोजायचे. काका जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. घोंगडीच्या अंधारात दुर्बिणीतून सूर्याचं बिंब चौकटीच्या कागदावर पाडायचं, त्यातल्या काळ्या डागांभोवती पेन्सिल फिरवायची, आणि प्रत्येक डागाखाली किती चौकोन आले ते लिहून कागद वहीत चिकटवायचा. वीस वर्षं हेच. मुलीच्या लग्नात वऱ्हाड दारात आलं तेव्हा नवरीचा बाप गच्चीवर होता. "वऱ्हाड थांबते गा, ढग थांबत नाही," हे वर. कोणी "कसे आहात?" विचारलं तर उत्तर यायचं, "तीन गट हायेत. एक मोठा." समोरच्यानं तब्येत विचारली होती, हे त्यांच्या गावीही नसायचं.

घोंगडीत काकूही असत. काकांची नजर अधू. मोठे डाग ते काळ्या पेन्सिलीनं काढत, बारके काकू निळ्या पेन्सिलीनं. "हा सुटला तुमचा," असं आतून ऐकू यायचं आणि गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग काकू वारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका घोंगडीत. लोक म्हणाले, माणूस आहे की दगड? मीही म्हणालो.

पुढे दोन वर्षांनी काकांनी नवीनच काढलं. "सूर्याचे बारके डाग बंद झाले गा. दोन वर्षांत एक नाही." वहीत पाहिलं तर खरंच निळं काही नव्हतं. हा शोध ते दक्षिणेतल्या एका वेधशाळेला कळवणार होते, वीस वर्षांच्या वह्यांसकट. पत्रही लिहून तयार.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. फोटोतले काळे ठिपके ओळखून त्यांचा आकार मोजायचा प्रोग्राम तेव्हा नुकताच मी संगणकावर बसवला होता. म्हटलं, शोध चुकीचा निघाला तर वह्यांचंही हसू होईल. आधी तपासू. थोडी माझीही खुमखुमी होती, खोटं कशाला बोला? हिवाळाभर रविवारी सगळी गल्ली टीव्हीपुढे बसायची, तेव्हा मी काकांच्या कागदावरच्या बिंबाचे फोटो काढत होतो.

"तुह्या मशीनले सांगून ठेव, अर्धा चौकोन म्हणजे अर्धाच. पुरा नाही धरायचा," काका दर वेळी बजावायचे.

निकाल आला. मोठ्या डागांत काका आणि मशीन चौकोनाला चौकोन जुळले. बारके डाग मात्र फोटोत दर रविवारी होते.

मी ऐटीत कागद घेऊन गेलो. "काका, सूर्य होता तसाच आहे. तुम्हाला बारके दिसत नाहीत. पत्र पाठवू नका."

काकांनी कागदावरच्या बारक्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "मले माहीत हाय गा."

"मग काहून लिहिलं?"

"ते तिचे होते. ती गेल्यावर बी ते येऊन राहिले, हे मले पटत नव्हतं."

मला माझ्या ऐटीची लाज वाटली. दगड म्हटल्याची त्याहून जास्त.

काकांनी पत्र फाडलं. सदऱ्याच्या खिशातून बोटभर उरलेली निळी पेन्सिल काढली आणि माझ्यापुढे धरली. "तुही मशीन सगळे काळेच छापते. उद्या आठले ये. बारके तू काढ. टोक जपून, तिनंच केलं हाय."

तेव्हापासून मीही घोंगडीत. मे महिन्यात शर्ट पाठीला चिकटायचा आणि बाया पुन्हा हसायला लागल्या होत्या. एकदा माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "काका, हा सुटला तुमचा."

त्यांची पेन्सिल थांबली. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

"मग लाव निळा," ते म्हणाले, आणि सरकून मला कागदाजवळ जागा दिली.