देवळेसरांची येस

देवळेसर कुणाच्याही घरी गेले की आधी चौकटीवर हात ठेवून विचारत, "काय, बरं आहे ना?" माणसांची पाळी त्यानंतर. आमच्या नगरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा भिंतीवर टकटक करून मला म्हणाले, "हिला ओल लागलीय. जपा हिला." माझी बायको उगाच पदर सावरून बसली.

सरांनी पुण्यात जन्मभर वास्तुकलेचा इतिहास शिकवला. त्यांचा सिद्धांत एकच. "नक्षी नंतर बघा. इथं कोण कुणाची वाट बघत बसलं असेल, ते आधी बघा." विद्वान मंडळी यावर हसत. खरं सांगतो, मीही हसायचो.

मग एका वर्षी दुष्काळ पडला. सरांच्या खर्ड्याजवळच्या गावात दुष्काळी कामातून रस्ता रुंद व्हायचा होता आणि मधे गावची जुनी वेस येत होती. सभेला सर मलाही घेऊन गेले. शहरातून आलेल्या कोवळ्या इंजिनिअरनं विचारलं, "रस्त्याला सगळ्यांची संमती आहे ना?"

"येस! येस!" सगळा गाव ओरडला.

खेड्यात एवढं इंग्रजी ऐकून साहेब खूश झाले आणि त्यांनी संमती लिहायला घेतली. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आरं, आमची येस हाय ती!"

सर उठले. "साहेब, इथं वेशीला येस म्हणतात. यांच्या येसचा अर्थ नाही असा आहे."

इंजिनिअर लाजला, हसला आणि त्यानं रस्ता वेशीच्या बाजूनं नेला.

पुढच्या लगीनसराईत आम्ही दोघं त्या वेशीच्या देवडीत बसायला गेलो. पूर्वी तिथं पहारेकरी बसत. मी आतल्या कोपऱ्यात टेकणार, तोच सर म्हणाले, "तिथं नको. ती जागा हिची."

या वेळी 'ही' म्हणजे भिंत नव्हती, सरांची बायको होती. दोघं लग्न करून गावात आली तेव्हा भाकरतुकडा ओवाळून होताच सर कमान बघायला लागले ते लागलेच. वऱ्हाड पुढं गेलं, करवलीही कंटाळून गेली. नवी नवरी दिवस मावळेपर्यंत त्या कोपऱ्यात बसून होती.

"विचारलं, कंटाळलीस का? म्हणाली, न्हाई, गार हुतं." सर त्या कोपऱ्याकडं बघत म्हणाले. "ती गेल्यावर कळलं, माझा सिद्धांत तिचाच आहे."

पुन्हा कधी मी त्या सिद्धांताला हसलो नाही.

तेवढ्यात वाजंत्री आली. नवरानवरी ओवाळणीसाठी वेशीत थांबली. उन्हानं नवरीचा चेहरा लाल झाला होता. सरांनी तो कोपरा स्वतःच्या उपरण्यानं झटकला.

"बस पोरी. गार आहे इथं."

आणि नवऱ्याला दरडावलं, "तू वर बघू नकोस. हिच्याकडं बघ."