मुंजाजीरावांचे हात

आमच्या मुंजाजीरावांनी सख्ख्या पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकल्या त्या मंडपाबाहेर, रस्त्यावर उभं राहून. रुसवाफुगवा काही नव्हता. मंडपाच्या दारात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावत होते आणि दुसऱ्या दिवशी मुंजाजीरावांना बोअरच्या पाण्याचे नमुने घ्यायचे होते. "वास लय चुगलखोर असतो," ते म्हणाले, "मनगटावरून बाटलीत उतरतो." पाथरीकडचे पाहुणे नवरदेव सोडून त्यांच्याकडेच बघत होते.

चुडाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद कारखाना आहे. त्याची जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी कैक वर्षं झिरपत राहिली आणि आसपासचे बोअर नासले. ते पाणी उपसायचं, वरचा तवंग काढायचा, कोळशाच्या गाळणीतून सोडायचं आणि दर महिन्याला प्रत्येक बोअरचा नमुना तपासायला पाठवायचा, हे आमचं काम. मुंजाजीराव साहेब, आणि मी त्यांचा मदतनीस. म्हणजे बाटल्या उचलणारा आणि बोलणी खाणारा.

नमुन्याच्या दिवशी तर विचारूच नका. जीपमध्ये डिझेल आदल्या दिवशी भरायचं, तेही ड्रायव्हरनं. साहेब पंपापासून लांब, चिंचेखाली. एकदा माझ्या नव्या शर्टाला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला, तर मला भर उन्हात बनियनवर काम करायला लावलं. माणूस आहे की पोलिसांचा कुत्रा, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू! वर "या हातांनी आजवर एक नमुना नासवला न्हाई" हे वाक्य दर चहाला ऐकायचं.

कारखान्याच्या कुंपणाला लागूनच सोजरबाईंचं घर. बोअर बंद केल्यापासून त्या टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होत्या. लेक जिंतूरला दिलेली, तिचं पहिलंच बाळंतपण. पण व्याही हटून बसले होते. "तुमच्या पाण्याला डिझेल लागलंय. लेकराला त्यातच न्हाऊ घालता का?" बोअर चांगला झाल्याचा कागद आल्याशिवाय सुनेला माहेरी धाडणार नाही म्हणाले. त्या कागदाला सलग तीन अहवाल चांगले लागत. दोन आले होते. तिसऱ्यासाठी सोजरबाईंनी देव पाण्यात ठेवले होते, अर्थात टँकरच्या.

तिसरा आला आणि त्यात डिझेल निघालं.

तडक आम्ही सोजरबाईंकडे गेलो. "बाई, बोअरच्या झाकणाला कुणी हात लावलता का?"

"मीच की," बाई कौतुकानं म्हणाल्या. "त्याच्या आधीच्या बारीला तुमी त्या गंजलेल्या बोल्टाशी झटायलते, बोटातून रगत आलतं. माझ्या जिवाला लागलं. म्हणून तुमी यायच्या आदल्या दिवशी बोल्टावर शेतातल्या इंजिनातलं डिझेल सोडलं. कसं अलगद निघालं, बघितलं न्हाई का?"

निघालं होतं खरं. नेमकं त्या दिवशी साहेबांचं नाक सर्दीनं चोंदलेलं, आणि मी डोक्याला तेल लावून आलो म्हणून शिक्षा भोगत जीपमध्ये बसलेलो.

आमचे चेहरे बघून बाईंचा चेहरा उतरला. "कामून, काय झालं? माझं काय चुकलं का?"

मी तोंड उघडलं तोच साहेबांनी माझा पाय दाबला. "तुमचं न्हाई बाई, चूक माझी. जीपमधी डिझेल भरलं आन् तसाच आलतो, हात न धुता. तुमच्या पाण्याला काय झालं न्हाई. पुन्हा नमुना घेतो."

ऑफिसला त्यांनी खरं काय ते कळवलं. नवे बोल्ट बसवले, बोअर उपसून धुतला, नमुना पुन्हा पाठवला. परतताना जीपमध्ये मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "लेकीचं बाळंतपण इथं झालं नसतं, तर बाईनं जन्मभर सोताला बोल लावला असता. मला बोल लावायला घरी हाय कोण?" इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलो, पण त्यांच्या घरी कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

कागद वेळेत मिळाला. लेक आली, बाळंतीण झाली, नातू आजीच्या बोअरच्या पाण्यानं न्हायला. मात्र साहेब डिझेलच्या हातांनी नमुने घेतो, ही बातमी गावभर झाली.

बाजूच्या बोअरचं काम अजून चालू आहे, त्यामुळे सोजरबाईंकडचा नमुनाही अधूनमधून घ्यावा लागतो. आम्ही दिसलो की त्या तांब्या आणि नातवाचा गुलाबाच्या वासाचा साबण घेऊन दारात उभ्या. "आधी हात धुवा साहेब. तुमचा काय भरोसा न्हाई."

साहेब बाह्या वर करून दोन्ही हात पुढे धरतात.

"बोटांच्या मधी चोळा."

"व्हय बाई."

त्या हातांनी मग नमुना कसला घेणार! तिथला नमुना आता मीच घेतो. साहेब तोवर लांब, कडुनिंबाच्या झाडाखाली, नातवाला कडेवर घेऊन उभे असतात.