एक-सोळा की एक-बत्तीस?

उमरीकरांच्या घरी जेवायला बसलं, की मिठाच्या आधी शिसं हाताला लागतं. ताटाशेजारी बारीक खणांच्या प्लास्टिकच्या डब्या मांडलेल्या असतात आणि खणाखणांत गळ असतात. प्रत्येक गळाच्या मानेवर शिशाची इवलीशी गोळी ओतलेली. याला जिगहेड म्हणतात. मी देवगडचा, त्यामुळे गळ काय असतो हे मला बऱ्यापैकी ठाऊक होतं. पण उमरीकरांनी ते मला इतक्यांदा समजावून सांगितलंय, की लहानपणी आम्ही जे पकडत होतो ते मासेच होते ना, अशी शंका आता मलाच येते.

उमरीकर परभणीकडचे. कुवेतमध्ये शुऐबाच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहेत. दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे मोजायचं हा त्यांचा धंदा. माणूस आयुष्यभर हेच करत राहिला, की त्याला न मोजलेली कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. दुकानातून आणलेलं प्रत्येक जिगहेड ते घरी सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवून पाहतात.

"अहो, पाकिटावर वजन लिहिलंय की," मी एकदा म्हणालो.

"पाकिटावर असते ती कंपनीची इच्छा, पराडकर. वजन आपण करायचं."

आम्ही मंगाफला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतो, म्हणजे लोकांच्या आत बघणं हा माझा पेशा आहे. उमरीकरांच्या आत शिसं सोडून काही असेल, असं मात्र मला पुष्कळ वर्षं वाटलं नव्हतं. लिफ्टमध्ये भेटले तर नमस्कार नाही, रामराम नाही. एकदम सवाल: "आज एक-सोळा की एक-बत्तीस?"

हे औंसाचे भाग. एक-सोळा म्हणजे औंसाचा सोळावा भाग, एक-बत्तीस त्याच्या निम्मा. दोन्हींतला फरक मला तळहातावर घेऊन कळत नाही. उमरीकरांना तो झोपेतही कळतो.

"हलका जिग सावकाश बुडतो," ते सांगतात. "मासा खाली उभा राहून वर बघायलाय. त्याच्या डोळ्यांसमोरून आपला जिग हळूच उतरला पाहिजे. जड टाकला की धाडकन तळाला. माशाला विचार करायला टाइमच नाही मिळत."

"मासा विचार करतो?"

"तुमच्या देवगडचा करत नसेल."

गळाच्या नंबरांचा धडा याहून कडक. सहा नंबरचा गळ चार नंबरपेक्षा लहान असतो आणि चार नंबरचा दोनपेक्षा. "असं उलटं का?" असं मी विचारलं, तेव्हा या मोजणीसम्राटाने आयुष्यात पहिल्यांदाच माघार घेतली. "त्याला कारण नाही. तेवढं एक सोडून द्या."

आता खरी गंमत. हे सगळं शास्त्र ज्या माशासाठी आहे त्याचं नाव क्रॅपी. तो अमेरिकेतल्या तळ्यांत राहतो. गोड्या पाण्यातला, तळहाताएवढा मासा, आणि त्याचं तोंड कागदासारखं पातळ, म्हणून गळ बारीक तारेचा लागतो. कुवेतच्या समुद्रात क्रॅपी सापडण्याची शक्यता परभणीत पापलेट सापडण्याइतकीच आहे. तरी उमरीकर मंगाफच्या किनाऱ्यावर उभे राहून, खाऱ्या पाण्यात आणि आखाती वाऱ्यात, क्रॅपीचेच जिग टाकतात. जिग समुद्राकडे जातो, वारा त्याला परत आणतो आणि तो उमरीकरांच्या टोपीत रुततो. त्या गळांनी आजवर सर्वांत जास्त वेळा कुणाला पकडलं असेल, तर ते उमरीकरांना.

एकदा शेजारी कोळंबीचा तुकडा लावून बसलेल्या एका म्हाताऱ्या कुवेतीने त्यांची डबी उचलून पाहिली. "शिनू हाधा?" म्हणजे हे काय आहे? उमरीकरांनी त्याला निम्म्या हिंदीत नि निम्म्या अरबीत सोळावा भाग, बत्तिसावा भाग आणि माशाची विचारशक्ती असं सारं समजावलं. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी स्वतःच्या बादलीतला एक शेम, म्हणजे इथला एक मासा, काढून त्यांच्या हातावर ठेवला. हा रिकाम्या हाताने घरी गेला तर बायको काय म्हणेल, या काळजीने दिला असावा. उमरीकरांच्या सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही. त्यांनी तो रुमालात धरून, कारखान्यात गळालेलं रसायन आणावं तसा माझ्या दारात आणला. आमच्याकडे त्या रात्री माशाची आमटी झाली, त्यामुळे त्यांच्या शास्त्राविरुद्ध मी तेव्हा तरी तोंड उघडलं नाही.

पण वेळेचं काय? उमरीकर जाणार ते शनिवारी, दुपारी चारला. भर उन्हाळ्यातही. त्या वेळी ओहोटी असली, पाणी मागे हटून नुसता चिखल उघडा पडलेला असला, तरी चार म्हणजे चार. मी डोकं आपटलं.

"अहो, भरतीला जा. पहाटे जा. समुद्र घरी असताना तरी जा!"

"शनिवारी चारलाच बरं असतं."

"कुणाला?"

यावर ते काट्यावर काहीतरी ठेवायचे आणि आकड्यात दंग व्हायचे. एवढा शास्त्राचा आव आणणारा माणूस समुद्राचं घड्याळ बघत नाही, यावर मी बिल्डिंगभर विनोद केले. लोक हसले. मीही हसलो.

मग जूनमधल्या एका शनिवारी धुळीचं वादळ आलं. समोरची बिल्डिंग दिसेना. आम्ही खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून घरात बसलो होतो, तेवढ्यात उमरीकरवहिनींचा फोन आला.

"भाऊजी, हे गेले की हो समुद्रावर! असल्या धुळीत! दम्याचा पंपबी टेबलावरच विसरलेत आणि फोन उचलेनात. जरा बघता का?"

मी वहिनींकडून पंप घेऊन खिशात टाकला आणि गाडी काढली. वाटेत उमरीकरांना ऐकवायची वाक्यं मनात रचत होतो. त्यांतली बरीच या लेखात घालण्यासारखी नाहीत.

किनाऱ्यावर सगळं पिवळं झालं होतं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. बसायच्या छपरीच्या भिंतीआड, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना कारखान्याचा चष्मा लावून उमरीकर बसले होते. हातात काठी. समोरच्या कठड्याला रबरबँडने फोन बांधलेला. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच फोनमधून आवाज आला.

"बाबा, विंड किती आहे तिकडे?"

पडद्यावर टोपी घातलेला एक तरुण होता. मागे शांत पाणी, झाडं आणि सकाळचं कोवळं ऊन. हा निखिल, उमरीकरांचा मुलगा. इथेच वाढला, इथल्याच भारतीय शाळेत शिकला आणि मग अमेरिकेला गेला. लिफ्टमध्ये भेटायचा तेव्हा माझ्या मराठीला न चुकता इंग्रजीत उत्तर द्यायचा, एवढंच मला त्याच्याबद्दल आठवत होतं.

"वारा लई आहे," उमरीकर मास्कमधून म्हणाले. "जिग जागेवर राहीना."

"देन गो हेवियर, बाबा. एक-आठ लावा."

"एक-आठ? बरं."

मागच्याच आठवड्यात मी त्यांना हेच सांगितलं होतं. "जरा जड लावा की," असं. त्यावर "तुम्हाला कोकणातलं कळतं," असं उत्तर मला मिळालं होतं. आता तोच माणूस पहिलीतल्या पोरासारखा निमूटपणे गळ बदलत होता.

"तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं.

"नथिंग. पाणी लाइक ग्लास."

"मग एक-बत्तीस."

"हो, एक-बत्तीस," निखिल म्हणाला. मराठीत.

मी पंप पुढे केला. उमरीकरांनी दोनदा ओढून खिशात ठेवला आणि मला बसायची खूण केली. तिकडे तो तळ्यात दोर सोडून बसला होता, इकडे हे धुळीत. बराच वेळ. तिकडचा पक्षी ओरडलेला इकडे ऐकू येत होता. असं न बोलता बसणं फक्त घरच्या माणसांना जमतं.

मग निखिल मधेच म्हणाला, "बाबा, पुढच्या एप्रिलला क्रॅपी काठाजवळ येतील. यू अँड आई शुड कम. तुमच्यासाठी एक रॉड घेऊन ठेवलाय."

दुसरा कुणीही बाप यावर काहीतरी बापासारखं बोलला असता. उमरीकर म्हणाले, "काठाजवळ म्हणजे किती खोल?"

पोरगा हसला. "तीन फूट असेल. येऊन मोजा ना."

तेवढ्यात रेंज गेली.

गाडीत बसल्यावर मी रचून आणलेलं एकही वाक्य काढलं नाही. उमरीकरच बोलायला लागले, समोरच्या काचेकडे बघत.

निखिलने चांगली नोकरी सोडली होती. का सोडली, ते यांनी विचारलं नाही. विचारायच्या ऐवजी म्हणाले, "माझ्या हाताखालून गेलेलं एकच मीटर बिघडलेलं निघालं, ते म्हणजे तू."

"असं म्हणालात?"

"म्हणालो. फोनवर. त्यानं फोन ठेवला, तो ठेवलाच. आईशी बोलायचा. मी खोलीत आलो की, 'ओके बाय'. दोन वर्षं. मग एक दिवस त्यानं आईला फोटो पाठवला. हातात मासा. मला वाटलं, काहीतरी लिहावं. सॉरी लिहिलं, खोडलं. कसा आहेस लिहिलं, तेही खोडलं. शेवटी हिच्याच फोनवरून लिहिलं, 'हुक किती नंबरचा?' आणि पराडकर, त्या पोरानं पानभर उत्तर लिहिलं हो! मला त्यातलं अक्षर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि जिगहेड घेऊन आलो. म्हटलं, पुढचं विचारायला काहीतरी पाहिजे की."

"आणि शनिवारी चार?"

"तिकडं सकाळचे आठ वाजलेले असतात. तेव्हा तो तळ्यावर असतो."

गाडीच्या काचेवर धूळ खरवडत होती. मी वायपर लावला आणि काच आणखी घाण केली. इतक्या वर्षांत मला विनोद न सुचल्याची ही पहिलीच वेळ असावी.

बिल्डिंगखाली आल्यावर उमरीकर उतरले नाहीत. दाराची कडी धरून बसून राहिले.

"पराडकर, मासा साफ कसा करतात?"

"तुम्हाला कशाला?"

"तो पकडलेला मासा घरी आणतो, स्वतः साफ करतो, तळतो. आम्ही गेलो की करणारच. मी काय हॉलमध्ये बसून दहीभात खाऊ?"

"म्हणजे तुम्ही मासा खाणार?"

"खायचं काही सांगता येत नाही," ते घाईने म्हणाले. "पण साफ करू लागेन ना. त्याच्या शेजारी उभं राहून काहीतरी करता आलं पाहिजे की मला."

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी फहाहीलच्या बाजारातून दोन शेम आणले. माझ्या बायकोने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि उमरीकरांना स्वतःचा फुलाफुलांचा एप्रन बांधला. त्यांनी मासा दोन्ही हातांत धरला, पहिल्यांदा तान्हं मूल धरावं तसा, आणि डोळे मिटले.

"अहो भावजी, डोळे मिटून काय दिसतला? उघडा ते!" बायको म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. सुरी लावली. दोनचार खवले उडून चष्म्यावर बसले. तिसऱ्यांदा सुरी फिरवताच त्यांचा चेहरा हिरवट झाला, मासा खाली ठेवून ते तडक बाल्कनीत गेले आणि कठडा धरून उभे राहिले. माझ्या जिभेवर एक झकास शेरा आला होता. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की तो मी गिळला.

थोड्या वेळाने ते आत आले. नळाखाली हात धुतले, चष्मा पुसला आणि पुन्हा ओट्यासमोर उभे राहिले.

"परत एकदा सांगा वहिनी," ते म्हणाले. "शेपटीकडून डोक्याकडं ना?"