बिनचढाची वाट

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीतले कल्लाप्पा डोंगरात फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या असतो. पिशवीत नव्हे, हातात. त्यावर झाकण नाही, फडकं नाही. ते पाणी प्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही आणि मुख्य म्हणजे सांडायचं नाही. जिथं पहिला थेंब सांडेल तिथं आप्पा थांबतात, वाटेकडं एकदा रागानं बघतात आणि जाहीर करतात, "फेल!" मग आम्ही सगळे आल्या वाटेनं परत.

सगळे म्हणजे तीन माणसं. आप्पा, समोरच्या घरातले वकीलसाहेब आणि मी. मी शाळेत गणित शिकवते. आठवडाभर फळ्यासमोर उभं राहून पायांचे खांब होतात, रविवारी ते जरा मोकळे करावेत म्हणून मी ह्या फंदात पडले. वकीलसाहेबांना डॉक्टरांनी नुसतं "चाला" म्हटलं होतं. त्यांनी महागातले बूट, दोन काठ्या आणि कपाळाला बांधायची बॅटरी असा सगळा लवाजमा आणला आणि एखादं शिखर सर करायचंच असं ठरवून टाकलं. आणि बिचाऱ्यांना सापडले कोण, तर आप्पा! चढ दिसला की ज्याच्या कपाळाला आठी पडते असा ट्रेकर मी तरी दुसरा बघितला नाही.

"आप्पा, जरा वर जाऊ या की," वकील काकुळतीला येऊन म्हणायचे.

"वर काय ठेवलंय? चढ नगं आपल्याला."

"अहो, मग टिळकवाडीत फिरू! सपाटच सपाट आहे."

"टिळकवाडीतनं दर्या दिसतोय व्हय?"

ह्या दर्यानं, म्हणजे समुद्रानंच, सगळा घोळ घातला होता. लोंढ्याच्या पुढं जंगलात एक जुनी खाण आहे. तिथं काळा, जड दगड निघायचा. ती बंद पडून जमाना झाला, कामगारांच्या खोल्यांची आता नुसती जोती उरलीत. आप्पा ऐन तारुण्यात तिथं कामाला होते आणि लग्न करून आणलेली त्यांची बायको, आमच्या शेवंताक्का, तिथंच दगड फोडायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात आप्पांनी आक्कांना सांगितलं, "खानीच्या पल्याड कड्याचं टोक हाय. तितनं गोव्याकडचा दर्या दिसतो." सांगितलं खरं, पण नेलं काही नाही. पुढं खाण बंद पडली, दोघं बेळगावात आले, पोरं झाली, पोरं पुण्याला गेली, तरी आक्का ते विसरायला तयार नाहीत.

आप्पा म्हणाले, "भाजीत मीठ जास्त पडलंय," की स्वयंपाकघरातून उत्तर येतं, "व्हय, आनि खानीवरनं दर्या दिसतोय!" आप्पा म्हणाले, "लाईट बिल भरून आलो," की आक्का म्हणतात, "भरलासा? का दर्यासारकंच?" शेजारी राहून मी ह्या भांडणाची वीस वर्षं स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहेत. शेवटी दोन वर्षांपूर्वी आप्पांनी भर गल्लीत शपथ घेतली, "तुला तितं उभी करून दर्या दावला न्हाय तर नावाचा कल्लाप्पा न्हाय!"

पण आक्कांचे गुडघे पार गेलेले. सपाटीवर त्या सावकाश चालतात, घराच्या तीन पायऱ्या चढताना मात्र तीनदा देवाचं नाव घेतात. म्हणून आप्पांना हवी होती बिनचढाची वाट. आणि वाट बिनचढाची आहे की नाही हे पाहायला तांब्या. खाण सुटल्यावर आप्पांनी सगळी नोकरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काढली. तिथं वितळलेल्या लोखंडानं भरलेलं भांडं दोघांनी धरून साच्यापर्यंत न्यायचं असतं. "सांडलं की पाय गेला, बाई," आप्पा सांगतात. "हातातलं हाललं न्हाय तर समजायचं पायाखालची जिमीन सरळ हाय. तांब्यातलं पानी हाललं न्हाय तर तिचा गुडगाबी दुखायचा न्हाय."

मी मोबाइलवर चढ मोजायची सोय दाखवली. आप्पांनी मोबाइल उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. "ह्यात पानी कुटं हाय?"

असे दोन हिवाळे गेले. रविवारी सकाळी आगगाडीनं लोंढा, तिथून भाड्याची जीप, फॉरेस्टच्या नाक्यावर परवानगीचा कागद दाखवायचा आणि मग तांब्या घेऊन चालू पडायचं. गुराखी जातात ती वाट फेल. ओढ्याकडची फेल. वकीलसाहेबांनी शोधलेली तर पन्नास पावलांत फेल, शिवाय आप्पांनी त्यांना वर ऐकवलं, "तुमी कोर्टातच बरं." टोकापर्यंत आम्ही दोनतीनदा पोचलो, पण खाणीपर्यंत चढून; तिथून पुढं सपाटीच होती. दर वेळी समोर नुसतं धुकं. आम्ही डोळे फाडून समुद्र शोधायचो आणि आप्पा टोकाकडं पाठ करून विडी ओढत बसायचे. "आज हवा न्हाय," एवढंच म्हणायचे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

वाट सापडली ती लोंढ्याच्या स्टेशनवर, चहा पिताना. आप्पा खाणीच्या गोष्टी सांगत होते. रस्त्यापासून खाणीपर्यंत रूळ होते, त्यावरून ते आणि त्यांचा जोडीदार दगडांची ट्रॉली ढकलायचे.

"मग त्या वाटेनं का नाही गेलो आपण?" मी विचारलं.

"रूळ कवाच भंगारात गेलं. आनि त्या वाटेचं नाव काडू नगा, बाई. काय चढ, काय चढ! छातीचा भाता व्हायचा माजा."

"ट्रॉलीत दगड किती असायचे?"

"शिगोशीग भरून."

"आणि ढकलायला दोघंच?"

"दोगंच की."

"आप्पा, खरोखरचा चढ असता तर भरलेली ट्रॉली दोघांनी हलली असती का? ती माघारी येऊन तुमच्याच अंगावर बसली असती. तुम्हाला दम लागायचा तो दगडांचा हो, चढाचा नव्हे!"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग वकिलांकडं, मग चहाच्या कपाकडं. "आयला!" ते म्हणाले. "दोन वर्सं खुळ्यावानी फिरालोय की वो मी!"

पुढच्याच रविवारी आम्ही झाडी बाजूला करत ती वाट धरली. खाणीपर्यंत, आणि तिथून टोकापर्यंत, तांब्यातला एक थेंब सांडला नाही. पास! आनंदाच्या भरात आप्पांनी वकीलसाहेबांना मिठी मारली आणि सगळा तांब्या त्यांच्या महागाच्या बुटांवर ओतला.

मग आक्कांना नेलं. नवं लुगडं, पायात माझे कॅनव्हासचे बूट, अशा थाटात आक्का त्या सपाट वाटेनं दर पन्नास पावलांवर टेकत, आप्पांना टोमणे मारत निघाल्या. "बाई, ह्यांनी दर्या दुसरीकडं हालीवला नसंल न्हवं?" आप्पा एरवी एकाला दोन ऐकवणारे, पण त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. तोंड उतरलेलं. मला वाटलं, गल्लीत घेतलेली शपथ आता पुरी करायची म्हणून धास्तावले असतील.

टोकावर पोचलो. दगडावर घोंगडी घालून आक्कांना बसवलं. समोर दऱ्या, त्यापलीकडं झाडी आणि तिच्यापलीकडं पांढरं धुकं. समुद्राचा पत्ता नाही. आक्कांनी कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं.

"दिसला की वो," त्या म्हणाल्या. "खरं बोललासा तुमी."

वकीलसाहेब "कुठं?" म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांचा बूट जोरात दाबला. आता आप्पा नाचणार, गल्लीत पेढे वाटणार असं मला वाटलं. पण ते आक्कांच्या पायाशी खाली बसले.

"खोटं बोलू नगंस," ते म्हणाले. "काय बी दिसत न्हाय हितनं. मीच खोटं सांगितलतं तुला. कामावर असताना मी टोकाला कवा आलोच न्हवतो. तू रातदिस रडालतीस, आई पायजे, गाव पायजे म्हनून. मला काय बोलायचं ते कळंना. म्हटलं, दर्या दिसतो. तेवढं ऐकून गप झालीस. मग खोटं बोललो म्हनून सांगायला तोंड हुईना."

आक्का शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय मला. मुकादमाच्या बायकोनं दुसऱ्याच दिशी सांगितलंतं."

आप्पांनी झटकन मान वर केली. "आनि एवडी वर्सं भांडलीस कशापायी गं मग?"

"भांडले नसते तर मला परत आनलं असतासा व्हय हितं?"

आप्पांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. वकीलसाहेब चक्क नाक ओढत दरीकडं बघत उभे राहिले. आक्कांनी मात्र गुडघ्यावर हात टेकून उठायची खटपट सुरू केली.

"पुरं झालं आता. उठा. आपली खोली कुटं हुती ती दावा आदी."

आप्पांनी डोळे पुसले आणि हात पुढं केला. आक्कांनी तो धरला. आम्ही दोघं मुद्दाम मागं थांबलो. ती दोघं हातात हात घालून त्या वाटेनं सावकाश खाणीकडं निघाली, आणि झाडीतून आवाज येत राहिला.

"तिसरी खोली आपली."

"चवथी हुती."

"तिसरी गं! मी काय खुळा हाय?"

"चवथी. चला, जोती मोजू या."