सुईणबाईंच्या खात्यास वेढा पडला त्याची हकीकत

श्रीमंत सकळगुणमंडित हिशेबतपासनीस साहेबांचे सेवेसी, बँकेच्या दुसऱ्या मजल्यावरील पडताळणी खात्याचा आज्ञाधारक कारकून, दोन्ही कर जोडोन अर्ज करितो ऐसा जे. साहेबीं पुसिले की, एका निवृत्त सुईणबाईंचे खाते चार दिवस का गोठविले आणि मग का सोडिले, याचा खुलासा दोनशे शब्दांत लिहोन पाठविणे. हुकूम शिरसावंद्य. परंतु आमची फजिती दोनशे शब्दांत मावत नाही, सबब विस्ताराने लिहितो. यात जेथे आमचा पराक्रम दिसेल तेथे साहेबीं मजकूर दुसऱ्यांदा वाचावा.

प्रथम मोहिमेचे प्रयोजन. कित्येक गनीम बॉम्ब लावोन गरीब रयतेस मारितात, आणि बॉम्ब काही झाडास लागत नाहीत. दारू लागते, भाड्याची खोली लागते, माणसांस पोटाला लागते, आणि या सर्वांस पैका लागतो. म्हणोन सरकारने मसलत केली जे, गनिमाशी लढावे ते लढावेच, परंतु आधी त्याची रसद तोडावी. मग दहशतवाद्यांची आणि त्यांस पैका पुरविणारांची याद जाहली, आणि कुल बँकांस फर्मान सुटले की, यादीतील असामीचे खाते सापडताच त्याच घटकेस गोठवावे, एक छदाम हलू देऊ नये, आणि खातेदारास कारण सांगू नये, कारण कळले की तो दुसऱ्या वाटेने पळ काढितो. मसलत थोर आणि रास्त. तीत खोट नव्हती. खोट अंमल करणारांत, म्हणजे आम्हांत, होती.

सोमवारी सकाळी दहा वाजोन दहा मिनिटांनी आम्ही चहा घेत असता संगणकाचा पडदा लाल जाहला. यादीत एक बाई होती. तिने अनाथ मुलांच्या नावे खोटी संस्था काढोन वर्गणी जमविली आणि ती बॉम्बवाल्यांस पोहोचविली. आमच्या बँकेत एक खातेदार बाई होती. नाव तेच, जन्मतारीख तीच, जानेवारीची पहिली, साल तेच. यंत्राने या जुळणीस शंभरांत शहाण्णव गुण दिले. अकरा वर्षे आम्ही त्या खुर्चीवर बसलो आणि लाल पडदा फक्त चाचणीपुरता पाहिला होता. मग काय विचारता, अंगी वीरश्री संचारली, अर्धा चहा कळफलकावर सांडला, तो खासा रुमालाने पुसोन आम्ही गोठविण्याचे बटण दाबिले. सायंकाळी घरी वर्दी दिली की आज गनिमाची रसद तोडिली. कुटुंबाने पुसिले की येताना दूध आणिले काय. ते विसरलो होतो.

मंगळवारी खासा गनीमच खिडकीवर चालोन आला. वय सत्तरीचे, हाती कापडी पिशवी, पायी दवाखान्यातल्या माणसांचे रबरी तळाचे बूट, दोन्ही डोळ्यांत ढग, आणि खिडकीची कड हाताने चाचपडोन धरिलेली. बाईंनी अडतीस वर्षे प्रसूतिगृहात सुईणपण केले होते. शुक्रवारी सकाळी आठास उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. आगाऊ रक्कम भरायला गेल्या तो कार्ड चालेना. गुरुवार सायंकाळपर्यंत भरणा न जाहला तर जागा दुसऱ्यास जाईल आणि पुढली पाळी चार महिन्यांनी येईल. डाव्या डोळ्यास उजेड आणि अंधार एवढेच कळत होते, आणि उजवाही चार महिने टिकेल ऐसी हमी वैद्य देत नव्हते.

बाईंनी कारण पुसिले. फर्मानाने आमचे तोंड बांधलेले, म्हणोन तांत्रिक अडचण आहे ऐसे सांगितले. त्यांनी पुसिले कसली. आम्ही सांगितले, तांत्रिक. त्यांनी तिसऱ्यांदा पुसिले, तेव्हा आम्ही मर्दुमकीची शर्थ करोन छायाप्रतीच्या यंत्रामागे जाऊन उभे राहिलो आणि तेथोनच उद्या यावे ऐसे ओरडोन सांगितले. बाई दीड तास बाकावर बसोन होत्या, आणि यंत्रामागे उकडते फार.

मग मनात पाल चुकचुकली आणि आम्ही तळघरात उतरोन वीस वर्षांपूर्वीचा खाते उघडण्याचा अर्ज काढिला. जन्मतारखेच्या रकान्यातील अक्षर ओळखीचे वाटले. ते आमचेच होते. त्या काळी आम्ही नवीन खात्यांच्या खिडकीवर होतो, आणि ज्यांस आपली जन्मतारीख ठाऊक नसे त्यांचे काय करावे हा पेच रोजचा होता, कारण रकाना रिकामा ठेविला तर यंत्र पुढे सरकत नसे. म्हणोन आम्ही तोंडाकडे पाहोन साल ठरवीत होतो आणि जानेवारीची पहिली तारीख ठोकोन देत होतो. सर्वांत जलद खिडकी म्हणोन आम्हांस मानपत्रही मिळाले. ते अद्याप भिंतीवर आहे. चौकशी करिता कळले की यादी करणारेही ज्या असामीची तारीख ठाऊक नसेल तिला तीच तारीख देतात. तिकडले अज्ञान आणि इकडले अज्ञान एकमेकांस कडकडोन भेटले, आणि यंत्राने त्यास शहाण्णव गुण दिले. आमच्या हातची ऐसी खाती मोजिली ती तीनशे बारा भरली.

तैसेच बँकेच्या मोठ्या साहेबांपुढे उभे राहोन गुन्हा कबूल केला. साहेबीं निवाडा दिला जे, तारीख खोटी हे सिद्ध जाहले, बाई ती नव्हे हे सिद्ध जाहले नाही. पक्का पुरावा आणावा, तोवर वेढा उठणार नाही. हेही रास्त. यादीत त्या बाईविषयी एकच धड ओळ होती: चौदा वर्षांपूर्वी, नवव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी, ती परमुलखातील एका बंदरात बँकेत जातीने बसोन सही करोन गेली. ही तारीख आम्ही दोन दिवसांत चाळीस वेळा वाचिली असेल. डोक्यात काही म्हणता काही पेटले नाही.

बुधवारी, कारण न सांगता फक्त तारीख पुसावी ऐसी परवानगी घेऊन, आम्ही बाईंच्या घरी गेलो. तिसरा मजला, उद्वाहन बंद, आणि आमचा दम पहिल्याच मजल्यावर सुटलेला. त्या दिवशी आपण कोठे होतां, ऐसे पुसिले. बाईंनी उलट काही पुसिले नाही. भिंतीच्या फळीवर अडतीस वह्या सालवार लाविल्या होत्या. प्रत्येक बाळंतपणाची नोंद स्वहस्ते करावी हा त्यांचा शिरस्ता. बोटांनी मोजोन त्यांनी एक वही काढिली आणि आमच्या हाती दिली.

"तू वाच बाबा. मला आता माझंच अक्षर दिसत नाही."

मग आम्ही मोठ्याने वाचिले ते येणेप्रमाणे: तेवीस तारीख, सकाळी दहा वाजून पाच. बाहेर धुकं. मुलगी, पायाळू. अकरा तास अडली होती. आई धीराची. बाप बाहेर बाकावर रडत बसला, त्याला दोनदा पाणी पाजावं लागलं.

आम्ही म्हटले, बाप अगदीच नेभळट दिसतो.

"अरे, तो बाप तूच की," बाई म्हणाल्या. "काल यंत्रामागून ओरडलास ना, तेव्हाच आवाज ओळखला मी."

साहेब, खोटे कशाला लिहू, आम्ही तेथेच भुईवर बसलो. तो आमच्या एकुलत्या कन्येचा जन्मदिवस होता. कुटुंब दरसाल आदल्या दिवशी आठवण देते, म्हणोन ती तारीख लक्षात ठेवण्याची आम्हांस गरजच पडली नव्हती. ज्या हातांनी आमची अडलेली लेक सुखरूप बाहेर काढिली, त्या हातांची रसद आम्ही तोडिली होती. लाज वाटली, आणि फार वाटली.

वही घरची, म्हणोन सरकारी कागद पाहिजे होता. घरी जाऊन कन्येचा जन्माचा दाखला मागितला आणि झाला प्रकार सांगितला. कुटुंबाने कपाटातोन दाखला काढिला, समोर धरिला आणि म्हणाली, "चौदा वर्षांत ही तारीख तुम्ही पहिल्यांदाच वाचताय." खाली हजर सुईण म्हणोन बाईंची सही होती.

गुरुवारी मोठ्या साहेबीं वही, दाखला, प्रसूतिगृहाचे हजेरीपत्रक आणि आमचा कबुलीजबाब सरकारी कचेरीत धाडिला. दुपार सरली, आम्ही टेलिफोनवर डोळे लावोन बसलो, आणि चार वाजोन चाळीस मिनिटांनी हुकूम आला की बाई ती नव्हे. आम्ही सोडण्याचे बटण दाबिले. एकदा दाबोन विश्वास बसेना म्हणोन तीनदा दाबिले. भरणा वेळेत पोहोचला, शुक्रवारी आठास शस्त्रक्रिया जाहली आणि डोळा वाचला. जीव भांड्यात पडला. एवढे मात्र खरे की यादीतली बाई अद्याप मोकळीच आहे, आणि आम्ही चार दिवस एका सुईणीस वेढा घालोन बसलो होतो त्यात तिचे काही बिघडले नाही. याचे शल्य आहे.

त्यानंतर आम्ही उरलेल्या तीनशे अकरांसाठी संगणकवाल्यांवर मोहीम काढिली. त्यांचे म्हणणे, रकान्यात तारीखच पाहिजे. आमचे म्हणणे, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही ऐसे लिहिता आले पाहिजे. एकोणीस खलिते गेले, तीन बैठका जाहल्या, आमच्या नाकी नऊ आले, आणि अखेर त्यांनी हात टेकोन "माहीत नाही" ऐसा एक पर्याय दिला. सबब दफ्तरी फत्ते नोंदवावी ती इतकीच: दोन शब्दांची जागा काबीज जाहली.

पहिला दुरुस्त अर्ज सुईणबाईंचा. त्या नवा चष्मा लावोन आल्या, अर्ज स्वतः वाचिला, "माहीत नाही" पाशी थांबल्या, आणि सही केली. मग पिशवीतोन वही काढिली, घड्याळाकडे पाहिले, खिडकीबाहेर पाहिले, आणि आमच्यासमोर स्वहस्ते नोंद केली: सकाळी साडेअकरा. ऊन. चार दिवस अडली होती, सुखरूप सुटली. बाप समोर उभा. या खेपेस पाणी लागलं नाही.

या नोंदीत शेवटचा मजकूर चुकीचा आहे. त्या वळताच आम्ही छायाप्रतीच्या यंत्रामागे गेलो होतो आणि शिपायाने दोनदा पाणी आणोन दिले. पण नोंद दुरुस्त करावी ऐसे आम्ही सुचविले नाही. हुजुरांस कळावे.